सिप्पोराबाईंचा उजवा हात

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला रोडपालीच्या बिल्डिंगांमधल्या बायका भराभर खिडक्या लावून घ्यायच्या, तेव्हा सिप्पोरा वाकरूळकर गॅलरीत उघड्या हातांनी मेथी निवडत बसलेल्या असायच्या. खाडी जवळ, नाले उघडे. डासांचे थवेच्या थवे उठायचे. शेजारच्या सुनीताबाई जाळीआडून विचारायच्या, "वाकरूळकरबाई, तुम्हाला चावत नाहीत का हो?"

"चावतात की. मला कळत नाही, एवढंच."

ते खरंच होतं. बावीस वर्षं त्यांनी आपल्या उजव्या हातावर डास पोसले होते.

पनवेलच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू लोकांतलं हे घर. एके काळी सणाच्या दिवशी सिनेगॉगमध्ये उभं राहायला जागा नसायची. आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला ठाण्या-अलिबागला फोन करावे लागतात. नवरा जोशुआ टपाल खात्यात होता. एकुलता मुलगा रोनेन बारावी झाल्यावर इस्रायलला गेला, तिकडेच मोरान नावाच्या मुलीशी लग्न करून राहिला. जोशुआ हृदयविकाराने गेला. "आता कोणासाठी थांबलीस तिथं?" असं रोनेन दर शुक्रवारी, शब्बाथचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आधी, फोनवर विचारायचा आणि दर वेळी बाई म्हणायच्या, "नोकरी आहे ना रे."

नोकरी म्हणजे पनवेलबाहेर हमरस्त्याला लागून असलेल्या एका संशोधन संस्थेत ठेकेदारामार्फत लागलेली मदतनिसाची. संस्थेत डासांपासून होणाऱ्या रोगांवर काम चालायचं. चौतिसाव्या वर्षी बाई तिथं लागल्या त्या झाडलोट करायला. लागून महिना झाला असेल नसेल, डासांना रक्त पाजायला ठेवलेले उंदीर कसल्याशा साथीत मेले. अंडी घालायला डासाच्या मादीला रक्त लागतं. अंड्यांचा साठा तेव्हा नव्हता; चार दिवस रक्त मिळालं नाही तर सगळी वसाहत बुडणार. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "कोणी दहा मिनिटं हात देईल का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिप्पोराबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, हात धुतला आणि जाळीच्या पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून आत घातला.

तेव्हापासून तो हात आठवड्यातून तीनदा आत जायला लागला. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी, म्हणजे घरी जाऊन शब्बाथचे दिवे लावायला वेळ राहील. डास प्रयोगशाळेतच जन्मलेले, त्यांच्यात रोगाचा विषाणू नव्हता. त्याची भीती नव्हती. त्रास होता तो खाजेचा. पहिले सहा महिने हात सुजून दुप्पट व्हायचा. मग गांधी नुसत्याच उठून जायच्या. दोन वर्षांनी काहीच उठेनासं झालं. जोशुआ म्हणायचा, "आपण मटणाला मीठ लावून थेंबन् थेंब रक्त काढतो, आणि तू तेच पाजून येतेस."

"रक्त खायचं मना आहे. पाजायचं कोणी मना केलंय?" बाई म्हणायच्या.

बावीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांसमोर एकोणीस मुलंमुली डॉक्टरेट घेऊन गेली. प्रत्येकाच्या प्रबंधातले डास त्यांच्या रक्तावर वाढलेले. प्रबंधाच्या पहिल्या पानांवर आभार असायचे: मार्गदर्शकांचे, आईवडिलांचे, कुणाच्या कुत्र्याचेसुद्धा. शेवटी एक ओळ, "आणि कीटकगृहातील कर्मचारी." बाई ती ओळ बोटाने शोधायच्या आणि वाचून पुस्तक मिटायच्या. वाईट वाटल्याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

मग प्रणित आला. गव्हाणचा, आगरी घरातला. वडील तुळशीराम यांची भातशेती आणि मिठागर दोन्ही विमानतळाच्या आणि नव्या शहराच्या पोटात गेली होती. भाऊबंद बांधकामाच्या धंद्यात शिरलेले, आणि हा एकटाच पुस्तकात डोकं घालून बसणारा. पहिल्या दिवशी त्याने बाईंना पिंजऱ्यात हात घालून वर्तमानपत्र वाचताना बघितलं आणि तिथंच स्टूल ओढून बसला.

"मावशी, तुला खाजत नाय?"

"नाही."

"किती वर्षं?"

"अठरा झाली असतील."

तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्या हाताकडे असं कोणी बघितलं नव्हतं.

प्रणितने विषयच तो घेतला. डास चावतो तेव्हा आधी आपली लाळ सोडतो. डेंगीचा विषाणू शिरतो तोही त्या लाळेबरोबरच. ती लाळ परकी आहे म्हणून माणसाचं शरीर चवताळतं, खाज आणि सूज ही त्याचीच. पण चावे घेत राहिलं की शरीर हळूहळू तिला सरावतं, चवताळणं सोडतं. हे कसं होतं आणि अशा सरावलेल्या शरीरात विषाणूचं पुढे काय होतं, हे त्याला शोधायचं होतं. बाकीचे स्वयंसेवक कॉलेजची मुलं, तीन-चार महिने पाच-पाच डास चावून घेणारी. त्यांची रीतसर परवानगी होती, संमतिपत्रं होती. बावीस वर्षं चावून घेतलेलं माणूस मात्र एकच होतं.

तो त्यांच्याकडे जेवायला यायला लागला. नारळाच्या दुधातली मच्छी त्याला आवडायची. सणाला बाईंनी पोहे-नारळाचा मलिदा केला तर ताट त्याच्यासाठी झाकून ठेवायच्या. लॅबमध्ये शुद्ध बोलणारा हा मुलगा त्यांच्या स्वयंपाकघरात "आमी", "नाय" करत बोलायचा, आणि रोनेनच्या जाण्याने जी जागा रिकामी झाली होती तिथं तो कधी येऊन बसला ते त्यांना समजलं नाही.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "मावशी, एक मोठा प्रश्न हाय. शरीर सरावलं, ते कायमचं की नाय? चावणं थांबवलं तर काय व्हतंय? हे जगात कोणी नीट तपासलेलंच नाय. आणि तपासता येईल अशी तू एकटी हायेस."

"काय करायचं?"

"वर्षभर एक बी डास चावू द्यायचा नाय. मग पुन्हा हात घालायचा."

मार्गदर्शक डॉक्टर कृष्णकांत यांना त्याने विचारलं तेव्हा बाई बाजूलाच पिंजरे पुसत होत्या. कृष्णकांत म्हणाले, "कल्पना चांगली आहे. समितीपुढे नेलंस तर दोन वर्षं जातील. करायचं तर कर, पण लेखी काही नको." बाईंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, साहेबांनी परवानगी दिली.

पनवेलमध्ये वर्षभर डास चावू द्यायचा नाही म्हणजे काय, ते पनवेलमध्ये राहणाऱ्यालाच माहीत. प्रणितने स्वतः येऊन खिडक्यांना दुहेरी जाळी ठोकली. बाई उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं झंपर आणि पायमोजे घालायला लागल्या. गॅलरी बंद, संध्याकाळचं बाहेर पडणं बंद, इस्रायल तलावावर बहिणीबरोबर बसणं बंद. बहिणीच्या नातीचं लग्न उघड्या मैदानात होतं म्हणून त्या गेल्या नाहीत. बहीण तेव्हापासून बोलायची थांबली. दर महिन्याला प्रणित रक्ताची एक नळी काढून न्यायचा आणि वहीत आकडे लिहायचा. आकडे बदलत होते. तो खूश व्हायचा, म्हणून बाईही खूश व्हायच्या.

डिसेंबरात मोरानला मुलगी झाली. रोनेनने तिकीट पाठवायची तयारी दाखवली. "आई, दोन महिने ये. बाळाला बघ."

बाईंनी प्रणितला विचारलं. तो म्हणाला, "जा ना मावशी. पण तिकडचा डास चावला तर सगळं संपलं. सहा महिने फुकट."

त्या गेल्या नाहीत. "नोकरीतून सुटी मिळत नाही," असं त्यांनी रोनेनला सांगितलं. रोनेन म्हणाला, "बरं." नंतर फोन दर शब्बाथला यायचा तो महिन्यातून एकदा यायला लागला.

तेवढ्या काळात डास पोसायचे कोणी, तर त्यासाठी यंत्र आलं होतं. पातळ पापुद्र्याखाली कोमट रक्त ठेवायचं आणि डासांनी ते पापुद्र्यातून प्यायचं. पण पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातावर वाढलेल्या डासांना त्याची सवय नव्हती; बहुतेक उपाशीच राहायचे. हे काम भाविका नावाच्या नव्या मुलीने अंगावर घेतलं. तीही डॉक्टरेटलाच आली होती, चिरनेरहून रोज दोन बस बदलून यायची. यंत्रावर जे थोडे डास प्यायचे तेवढेच ती निवडायची, त्यांची अंडी वेगळी ठेवायची, पुढच्या पिढीत पुन्हा निवडायची. महिन्याला साधारण एक पिढी. तिच्या पिंजऱ्यांवर तिच्या गोल अक्षरात चिठ्ठ्या असायच्या: पिढी चौथी, पिढी नववी. हे डास पुरते तयार झाले की त्यांच्या पोटात विषाणूशी लढणारं काय असतं ते ती तपासणार होती.

भाविका सकाळी आली की बाईंसाठी चहाचा दुसरा कप ठेवायची. "मावशी, माझे डास तयार झाले की तुमचा हात सुटला बघा," ती म्हणायची. बाई हसायच्या. पण ते वाक्य त्यांना आवडायचं नाही. हात सुटला तर आपण इथं कोण, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

चौदा महिने झाल्यावर ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी प्रणितने दिवस ठरवला. कृष्णकांत परिषदेला बाहेरगावी गेले होते. स्वयंसेवकांना पाच डास लावतात. बाईंनी विचारलं, "मला किती?"

"पयल्यासारखंच, मावशी. पिंजऱ्यात हात, दहा मिनिटं. नायतर आधीच्याशी तुलना कशी करणार?"

पिंजऱ्यात दोनशे माद्या होत्या. बाईंनी बाही वर केली आणि हात घातला. चौदा महिन्यांनी तो ओळखीचा गुणगुणाट कानावर आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं. दोन मिनिटांत हाताला आग लागली. त्या प्रणितकडे बघून म्हणाल्या, "चावल्याचं कळतंय रे."

"किती? दहापैकी?"

"सात. नाही, नऊ."

त्याने लिहून घेतलं. दहा मिनिटांनी हात बाहेर आला तो ओळखू येत नव्हता. गांधीला गांधी लागून कोपरापर्यंत एकच लाल पाव फुगल्यासारखा झाला होता. प्रणितने फोटो काढले, मोजपट्टीने सूज मोजली. पंधराव्या मिनिटाला पुन्हा मोजली.

"प्रणित, घसा आवळतोय."

"पाच मिनिटं, मावशी. विसाव्या मिनिटाचं रीडिंग घेतो आणि लगेच जाऊ."

"श्वास नाही येत."

"आलाच बघ. थोडंच राहिलंय."

त्याने घड्याळाकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. अठरा मिनिटं झाली होती. त्यानंतरचं त्यांना तुकड्या-तुकड्यांनी आठवतं: फरशी गार होती, भाविका कुठूनशी धावत आली, तिनेच रिक्षा अडवली. आणि दवाखान्यात, स्ट्रेचरवर, इंजेक्शन दिल्यावर जरा शुद्ध आली तेव्हा प्रणितचा आवाज. डॉक्टर विचारत होते, "काय झालं होतं?" आणि तो सांगत होता, "माहीत नाही सर. मी खोलीत आलो तेव्हा त्या खाली पडलेल्या होत्या."

जीव वाचला. हात नाही. सुजेवर फोड आले, फोडांत पू झाला, विष वर चढायला लागलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. दंडापासून मनगटापर्यंतचं मांस जिथं जिथं सडलं होतं तिथं तिथं खरवडलं, मांडीची कातडी काढून लावली. बोटं आत वळली ती वळलीच. पेला धरता येईना. भाविका एक दिवसाआड यायची, नखं कापून द्यायची, वेणी घालायची. प्रणित आला नाही.

त्याची आई सखूबाई मात्र आली. तांदळाच्या भाकऱ्या आणि खवल्यांची मच्छी घेऊन. बाईंना धर्माने कोळंबी, बिनखवल्यांची मच्छी चालत नाही हे मुलाने तिला सांगून ठेवलं होतं. तिने डबा उघडून ठेवला, बँडेजकडे बघितलं नाही.

"बाय, तुजा हात गेला, आमाला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पन माज्या पोराची पाच वर्सां त्याच्यात हायेत. आमच्या आख्या गावात कोनी डाक्टर नाय झाला असला. तू काय बोलू नको."

"मी कुठं काय बोललेय?"

"तेच सांगतंय. नको बोलू." आणि बाईंना डाव्या हाताने भाकरी मोडता येत नाही असं बघून तिने स्वतः घास करून भरवला. बाईंनी तो खाल्ला, कारण भूक लागली होती.

घरी आल्यावर आठवड्याने कृष्णकांत आले. सोबत प्रणित. तो चपला काढायच्या जागेवरच उभा राहिला. कृष्णकांतांनी एक इंग्रजी पत्र टेबलावर ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "यात असं आहे की जुन्या सवयीने तुम्ही स्वतःहून पिंजऱ्यात हात घातला, कोणाला न विचारता. सही केलीत की तुमचं काम पुढे चालू राहील. हलकं काम देऊ."

बाईंनी कागद जवळ ओढला. मग म्हणाल्या, "करते सही."

कृष्णकांतांनी पेन काढलं.

"पण प्रणितच्या वहीत माझे आकडे आहेत. चौदा महिन्यांचे, आणि त्या दिवशीचे. ते त्याच्या पुस्तकात छापा. नाव नका टाकू. नुसते आकडे छापा."

"बाई, तसे आकडे कुठेच नाहीत."

"आहेत. निळ्या वहीत. माझ्यासमोर लिहिलेत."

"प्रणित," कृष्णकांत मागे न बघता म्हणाले, "आहे अशी वही?"

प्रणित जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही सर."

सिप्पोराबाईंना दवाखान्यातसुद्धा रडू आलं नव्हतं, तेव्हाही आलं नाही. त्यांनी डाव्या हाताने कागद सरकवून परत दिला. "मग मीही कुठं नव्हते," त्या म्हणाल्या. "नसलेल्या माणसाची सही कशाला हवी?"

बोभाटा व्हायला नको म्हणून त्यांना लगेच काढलं नाही. मार्चअखेर ठेका संपत होता, तोवर राहा, असं सांगण्यात आलं. सहा महिने त्या डाव्या हाताने कापूस साखरपाण्यात भिजवत, अळ्यांची पाणी भरलेली ताटं पुसत राहिल्या. प्रणित समोरून आला की बाजूच्या दारातून निघून जायचा. त्याने प्रबंध सादर केला.

आणि एक नवीच गोष्ट झाली. ज्या शरीराने बावीस वर्षांची सवय चौदा महिन्यांत टाकली होती, ते आता काहीच सहन करेना. बसस्टॉपवर एक डास चावला तरी लिंबाएवढी गाठ यायची, छातीत घरघर सुरू व्हायची. डॉक्टरांनी पर्समध्ये कायम इंजेक्शन ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "शक्यतो डास नसतील अशा ठिकाणी राहा." रोडपालीत राहणाऱ्या बाईला.

वीस मार्चला प्रणितची खुली मौखिक परीक्षा होती. अशा परीक्षेला कोणीही येऊन बसू शकतं. सभागृहात पुढे तुळशीराम पांढऱ्या सफारीत, शेजारी सखूबाई नव्या साडीत, गव्हाणहून आलेली दोन गाड्या भरून माणसं. सिप्पोराबाई शेवटच्या रांगेत बसल्या. प्रणित छान बोलला. मानवी शरीर लाळेला कसं सरावतं याचे रंगीत आलेख दाखवले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माना डोलावल्या. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाला प्रश्न?"

बाई उभ्या राहिल्या. पदराखाली झाकलेला हात त्यांनी झाकलेलाच ठेवला. कृष्णकांतांनी पेन खाली ठेवलं.

"या अभ्यासात सगळ्यांत जास्त काळ डास चावून घेतलेलं माणूस किती काळाचं होतं?"

प्रणितने पाण्याचा घोट घेतला. त्याने सरळ त्यांच्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं होतं त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"चार महिने, मॅडम," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "त्याहून दीर्घ काळ चावे घेतलेली व्यक्ती आम्हाला उपलब्ध झाली नाही. ही आमच्या अभ्यासाची मर्यादा आहे, आणि ती आम्ही प्रबंधात नमूद केली आहे."

"चांगला प्रश्न होता," एक परीक्षक म्हणाले.

टाळ्या झाल्या. पेढे आले. सगळे जेवायला मागच्या मंडपात गेले.

सिप्पोराबाई गेल्या नाहीत. कीटकगृहाची किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. आत सत्तावीस अंशांची दमट ऊब होती. प्रणितचे पिंजरे महिन्यापूर्वीच धुऊन रिकामे करून ठेवले होते. बाकी होते ते आठ पिंजरे, प्रत्येकावर गोल अक्षरातली चिठ्ठी: पिढी एकोणिसावी. बाईंनी ती चिठ्ठी वाचली. दुसऱ्या पिंजऱ्यावरचीही वाचली. मग एकेक पिंजरा डाव्या हाताने कडेवर मूल घ्यावं तसा उचलला आणि मोठ्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला. आठ फेऱ्या झाल्या. दार लावल्यावर आतला आवाज थांबायला फार वेळ लागला नाही.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर फारसं नुकसान झालं नसतं. या डासांची अंडी कागदावर सुकवून ठेवली तर महिनोन् महिने जगतात. पाण्यात टाकली की पुन्हा अळ्या. भाविकाने सगळ्या एकोणीस पिढ्यांच्या अंड्यांचे कागद एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते, खालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात. तो डबा तिथं ठेवावा हे बाईंनीच तिला सुचवलं होतं, म्हणजे मुंग्या लागणार नाहीत. बाईंनी किटलीत पाणी उकळलं. डबा उघडला, कागद घमेल्यात टाकले आणि वरून पाणी ओतलं. कागदावरचे काळे ठिपके पाण्यावर तरंगत राहिले. किल्ली टेबलावर ठेवून त्या बसस्टॉपवर आल्या.

प्रणितला पुढे परदेशात संशोधनाची जागा मिळाली. गव्हाणात त्याच्या अभिनंदनाचे फलक लागले.

भाविका आली ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी. नेहमीसारखी हसली नाही, बसलीही नाही. बाईंनी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही.

"एसी बंद पडला म्हणतात," ती म्हणाली. "एसी बंद पडून अंडी उकळत नाहीत, मावशी. घमेलं मीच उचललं, फ्रीजरमधले पिंजरेही मीच काढले."

बाईंनी पाण्याचा पेला परत टेबलावर ठेवला.

"प्रणितचं काम संपलेलं होतं. पिंजरे माझे होते. तुम्ही चिठ्ठ्या वाचल्या नाहीत का?"

"वाचल्या."

"माझे आहेत हे कळलं होतं?"

"हो."

"मग?"

सिप्पोराबाईंनी आठवून बघितलं. त्या दुपारी आपल्या मनात नेमकं काय होतं हे त्यांना खरोखरच सांगता येईना. रागही नव्हता. कोणाचं तरी काहीतरी पुसून जावं, आपल्यासारखंच, इतकंच वाटलं होतं. आणि हाताशी हिचं होतं.

"तूच तिथं होतीस," त्या म्हणाल्या.

भाविकाने मान हलवली, जणू एखादा हिशेब जुळला. "मी दवाखान्यात तुमची वेणी घालत होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दीड वर्ष गेलं माझं. फेलोशिप संपतेय, पुन्हा सुरुवात करायला मुदत नाही. कळंबोलीत एका क्लासमध्ये शिकवायचं बघतेय."

"मग सांग त्यांना. मी केलं म्हणून सांग. मी नाही म्हणणार नाही."

बाईंच्या आवाजात काहीतरी होतं. भाविकाने ते ओळखलं. ती हुशार होती.

"सांगितलं तर चौकशी होईल," ती सावकाश म्हणाली. "वाकरूळकरबाईंनी असं का केलं, हे विचारतील. मग हात निघेल, प्रणित निघेल, चौदा महिने निघतील. सगळं कागदावर येईल. तुम्हाला तेच हवंय ना?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं.

"म्हणून नाही सांगणार," भाविका म्हणाली. "एसीच बंद पडला होता. मी तशी सही करून आलेय."

ती निघाली. जाताना तिने जाळीचं दार नीट ओढून घेतलं, कडी लागली की नाही तेही बघितलं.

संस्थेच्या नोंदवहीत एक ओळ पडली: वातानुकूलन यंत्रणेतील बिघाडामुळे वसाहत नष्ट. खाली भाविकाची सही. नवी अंडी दुसऱ्या शहरातून मागवली गेली, यंत्रावर पिणाऱ्या डासांची. आता तिथं कोणाला हात घालावा लागत नाही.

सिप्पोराबाई रोडपालीतच आहेत. रोनेनकडे जायचा विषय एकदा निघाला होता. मोरान म्हणाली, लहान बाळ घरात आहे, एका हाताच्या माणसाचं करायला कोणाला वेळ आहे, आणि रोनेनने ते आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. दिवसभर त्या मच्छरदाणीत बसतात. भाजी सुनीताबाई आणून देतात, दारातूनच, पटकन. एकदा त्यांनी विचारलं, "पूर्वी तुम्हाला डासांचं काही वाटायचं नाही, आता असं कसं झालं हो?"

सिप्पोराबाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तासभर. सुनीताबाईंनी ऐकून घेतलं आणि खाली जाऊन दुसऱ्या बायकांना म्हणाल्या, एकटीच राहते ना, डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या.